घरचे मत आणि कॉलेजातले मत : बेनिंग्टनच्या विद्यार्थिनींचे प्रकरण

तरुण मतदार कोणाच्या पारड्यात मत टाकतो, याचा विचार करू लागले की तीन कारणे हमखास पुढे येतात : घरचे वळण, शिक्षण आणि स्वतःचा फायदा. अडचण अशी की एरवी ही तिन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की कोणाचा भार किती, हे सांगता येत नाही. सधन घरातला मुलगा चांगल्या कॉलेजात जातो, तिथे आपल्यासारख्याच सधन घरांतल्या मुलांत वावरतो, पुढे स्वतः सधन होतो आणि वडिलांच्याच पक्षाला मत देतो. यात घराचे किती, कॉलेजचे किती आणि खिशाचे किती, हे वेगळे कसे काढायचे? हा गुंता सोडवायचा तर ही तीन कारणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना ओढत असतील अशी परिस्थिती सापडायला हवी. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजात ती आपसूक तयार झाली होती आणि ती पाहून नोंदवून ठेवणारा समाजमानसशास्त्रज्ञही तिथेच शिकवत होता.

बेनिंग्टन कॉलेज १९३२ मध्ये सुरू झाले. ते फक्त मुलींचे होते आणि लहान होते; विद्यार्थिनींची संख्या अडीचशेच्या आसपास. शुल्क भरपूर असल्याने तिथे येणाऱ्या बहुतेक मुली सुखवस्तू घरांतल्या होत्या आणि त्यांच्या घरी रिपब्लिकन या सनातनी वळणाच्या, करवाढीला विरोध करणाऱ्या पक्षाला मत देणे हीच रीत होती. अध्यापक मात्र बहुतांशी तरुण होते आणि देशातल्या महामंदीने अस्वस्थ झालेले होते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे जवळपास एक बेकार होता, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणावर, म्हणजे मंदीतून सावरण्यासाठी सरकारने हाती घेतलेल्या उपायांवर, रोज वाद झडत होते. घरात जपून वाढवलेल्या मुलींना बाहेरच्या जगाची ओळख करून देणे हे आपले काम आहे, असे या अध्यापकांना मनापासून वाटत होते. कॉलेज गावाबाहेर होते, शिकवणे आणि राहणे एकाच आवारात होते, त्यामुळे वर्गातला विषय जेवणाच्या टेबलापर्यंत सहज येत असे.

तो समाजमानसशास्त्रज्ञ म्हणजे थिओडोर न्यूकम; ते १९३४ मध्ये तिथे अध्यापक म्हणून आले. १९३५ ते १९३९ या काळात त्यांनी विद्यार्थिनींची मते वर्षानुवर्षे प्रश्नावल्यांनी मोजली. बेकारी, कामगार संघटना, सरकारी मदत, मालमत्तेचे हक्क अशा विषयांवरील विधानांशी मुली किती सहमत आहेत, यावरून त्यांनी राजकीय-आर्थिक पुरोगामित्वाची एक मोजपट्टी बनवली होती. या सगळ्या आकड्यांच्या मधोमध १९३६ ची अध्यक्षीय निवडणूक आली.

लुटुपुटीचे मतदान, खरे उत्तर

मराठीत ‘मत’ हा शब्द विचारालाही लागतो आणि मतपेटीत पडणाऱ्या चिठ्ठीलाही. या प्रकरणात हे दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात, कारण त्या काळी अमेरिकेत मतदानाचे वय २१ होते (ते १८ वर आणणारी घटनादुरुस्ती १९७१ ची) आणि बेनिंग्टनच्या बहुतेक मुलींना खरे मतदान करता येणार नव्हते. म्हणून कॉलेजात कौल घेण्यात आला : हक्क असता तर तुम्ही कोणाला निवडले असते? शिवाय तुमचे आईवडील कोणाच्या बाजूने आहेत, हेही विचारण्यात आले. दुसऱ्या प्रश्नामुळेच हा कौल अभ्यासाच्या कामाचा ठरला.

पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्क्यांनी रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांना पसंती दिली, २९ टक्क्यांनी रूझवेल्ट यांना, आणि उरलेल्या ९ टक्क्यांनी समाजवादी नॉर्मन थॉमस किंवा कम्युनिस्ट अर्ल ब्राउडर यांना. दुसऱ्या वर्षाला लँडन आणि रूझवेल्ट ४३-४३ टक्क्यांवर बरोबरीत आले. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मुलींत लँडन यांचा वाटा अवघा १५ टक्क्यांवर उतरला. रूझवेल्ट यांना ५४ टक्के पसंती मिळाली आणि थॉमस-ब्राउडर यांना मिळून ३० टक्के.

आता हे आकडे पालकांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. लँडन यांच्या बाजूचे पालक पहिल्या वर्षाच्या मुलींचे ६६ टक्के, दुसऱ्या वर्षाच्या मुलींचे ६९ टक्के आणि वरच्या दोन वर्षांच्या मुलींचे ६० टक्के होते. म्हणजे घरे जवळपास तशीच होती. पहिल्या वर्षाला मुलगी आणि घर यांच्यात चार टक्क्यांचे अंतर, तर वरच्या वर्गांत पंचेचाळीस टक्क्यांचे.

इथे एक शंका रास्त आहे. त्या निवडणुकीत रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. मग या मुलीही देशाच्या वाऱ्याबरोबर गेल्या, एवढेच नाही का? माझ्या मते नाही, आणि त्याची कारणे आकड्यांतच आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलींनाही तोच वारा लागत होता, तरी त्या लँडनकडेच राहिल्या. रूझवेल्ट ज्या दोन राज्यांत हरले त्यांपैकी एक स्वतः व्हर्मांटच होते, म्हणजे आवाराबाहेरचा वारा उलटाच होता. आणि थॉमस व ब्राउडर यांना देशभरात मिळून एक टक्काही मते मिळाली नाहीत, ते वरच्या वर्गांतल्या ३० टक्के मुलींची पसंती ठरले. असा कल कुठल्याही लाटेतून येत नाही. तो त्या आवारातच घडला होता. न्यूकम यांनी विल्यम्स आणि स्किडमोर या दुसऱ्या दोन महाविद्यालयांशीही तुलना केली. तिथेही मुलेमुली शिकतच होती, पण वरच्या वर्गांत जाताना मतांत पडणारा फरक बेनिंग्टनच्या मानाने फारच थोडा होता. तेव्हा ‘शिक्षणाने मत बदलते’ एवढे म्हणून भागत नाही. कुठले शिक्षण, कोणाच्या संगतीत, हा प्रश्न पुढे उरतोच.

घराचा धागा कुठे ढिला झाला

घराचा प्रभाव खरा असतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी या राज्यशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना स्वतंत्रपणे विचारले, तेव्हा सुमारे ५९ टक्के मुलांची पक्षनिष्ठा पालकांशी जुळली आणि पालकांच्या थेट विरोधी पक्षात उभी राहिलेली मुले सुमारे ७ टक्केच निघाली. मात्र वेगवेगळ्या धोरणांवरील मते विचारल्यावर हे साम्य बरेच पातळ झाले. म्हणजे घरातून मूल पक्षाचे नाव उचलते. त्या नावामागचा युक्तिवाद त्याच प्रमाणात उचलतेच असे नाही.

बेनिंग्टनच्या पहिल्या वर्षाच्या मुलीकडे या नजरेने पाहावे. तिचे रिपब्लिकन असणे हे तिने तावून सुलाखून घेतलेले मत क्वचितच होते. तिने दुसरे काही ऐकलेलेच नव्हते. वडील, काका, शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी सगळे एकच बोलत असतील तर त्या बोलण्याला मत म्हणायचीही गरज पडत नाही. ते हवेसारखे असते. म्हणून घरचे मत पक्के दिसते, पण त्याची परीक्षा झालेली नसते. या मुलींनी आईवडिलांचे म्हणणे वादात खोडून काढले आणि मग पक्ष बदलला, असे चित्र न्यूकम यांच्या नोंदींतून उभे राहत नाही. घर हे ज्याच्याकडे पाहून वागायचे असे एकुलते एक वर्तुळ होते, ते एकुलते राहिले नाही, असे चित्र उभे राहते.

मान कोणाला मिळत होता

मला हे सगळे प्रकरण जिथे उलगडते असे वाटते तो तपशील तसा लहान आहे. १९३८ मध्ये न्यूकम यांनी विद्यार्थिनींना विचारले : अनेक महाविद्यालयांच्या मेळाव्यात बेनिंग्टनचे प्रतिनिधित्व करायला तुम्ही कोणाकोणाला पाठवाल? प्रश्नात राजकारणाचा मागमूस नव्हता. मुलींनी हुशार, बोलक्या, कॉलेजची शोभा वाढवतील अशा मैत्रिणींची नावे दिली. ही नावे मतांच्या मोजपट्टीशी ताडून पाहिली, तेव्हा ज्यांना सर्वांत जास्त वेळा निवडले गेले होते त्या सर्वांत कमी सनातनी निघाल्या, आणि ज्यांचे नाव कोणीच घेतले नव्हते त्यांच्यात घरचेच मत धरून बसलेल्या अधिक होत्या.

नवी आलेली मुलगी हे सगळे डोळ्यांनी पाहत होती. ज्या मोठ्या मुलींसारखे आपण व्हावे असे तिला वाटे, त्या जेवताना स्पेनमधल्या यादवीबद्दल बोलत, कामगारांच्या संपाबद्दल बोलत. त्यांच्यात बसायचे तर त्या विषयांची माहिती हवी, आणि माहिती घेता घेता त्या विषयाकडे पाहण्याची त्यांची नजरही येते. कोणी बळजबरी करत नव्हते. इथे शिक्षण म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. ज्यांच्याबद्दल आदर वाटतो अशा माणसांचे नवे वर्तुळ, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. समाजशास्त्रात याला संदर्भगट म्हणतात : आपण कोण आहोत आणि कसे वागावे, हे ज्यांच्याकडे पाहून माणूस ठरवतो ते लोक.

न्यूकम यांचे मोठेपण असे की बदललेल्या मुलींवर न थांबता ते न बदललेल्यांकडेही तितक्याच आस्थेने गेले. या न बदललेल्यांत एकाच प्रकारच्या मुली नव्हत्या. काहींना आपण बहुसंख्यांहून वेगळ्या आहोत याचा पत्ताच नव्हता. चारदोन मैत्रिणींच्या कोंडाळ्यात त्यांचे दिवस जात आणि सगळे आपल्यासारखेच असतील असे त्यांना वाटे. काहींना मात्र नेमके ठाऊक होते. त्यांनी कॉलेज आणि घर असे दोन्ही समोर ठेवून घराची बाजू घेतली होती. आईशी, वडिलांशी असलेले नाते त्यांना आवारातल्या मानापेक्षा मोलाचे होते. दुसऱ्या टोकाला पुरोगामी झालेल्यांतही असेच दोन प्रकार होते : काहींनी घरच्यांशी मतभेद ओळखून, सोसून, स्वीकारले होते, काही बरोबरीच्या मुलींकडून शाबासकी मिळावी म्हणून प्रवाहाबरोबर गेल्या होत्या. एकच मत, पण त्याखालचे मन किती वेगवेगळे असू शकते, हे एरवी आकड्यांत हरवून जाते. इथे ते हाताला लागते. तरुणांच्या मतांवर घाईने शेरे मारणाऱ्या प्रत्येकाने हा भाग सावकाश वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

स्वार्थ गेला कुठे?

पैशाचा हिशेब केला तर या मुलींनी लँडन यांनाच निवडायला हवे होते. १९३५ च्या महसूल कायद्याने मोठ्या उत्पन्नावरचा आणि मोठ्या वारशावरचा कर वाढवला होता. तो वारसा ज्यांच्याकडे येणार होता त्या याच मुली. त्याच वर्षी आलेल्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा किंवा कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा त्यांना स्वतःला काही लाभ नव्हता. तरीही वरच्या वर्गांतल्या ८४ टक्के मुली स्वतःच्या वर्गहिताच्या विरुद्ध गेल्या.

यावरून स्वार्थाला मतदानात जागाच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. स्वार्थ जवळचा आहे की लांबचा, स्वतःच्या अंगावर येणारा आहे की दुसऱ्यामार्फत पोहोचणारा, यावर बरेच अवलंबून असते. वीस वर्षांच्या मुलीसाठी वडिलांवरचा कर ही लांबची गोष्ट होती. कर भरणारे वडील होते आणि वारसा पुढे कधीतरी मिळायचा होता. आवारात मिळणारी किंवा न मिळणारी मान्यता मात्र रोजची होती. तिलाही स्वतःचे हित म्हणायला माझी हरकत नाही. उलट, तरुण वयात हेच हित सर्वांत निकडीचे असते.

स्वार्थ अगदी जवळ आला की काय होते, याचा दाखला तीन दशकांनंतरच्या दुसऱ्या एका प्रसंगातून मिळतो. व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला बोलावायचे हे ठरवण्याकरता १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. वर्षाच्या ३६६ तारखा कुप्यांत घालून एकेक बाहेर काढली गेली. १४ सप्टेंबर ही तारीख पहिली निघाली. पुढे १९५ व्या क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावणे आले. तारीख कोणती निघावी यात ना घराचा हात होता, ना शिक्षणाचा. जेनिंग्ज यांनी १९६५ मध्ये प्रश्न विचारलेल्या मुलांपैकीच काहींना ही सोडत लागू होती, त्यामुळे रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर या राज्यशास्त्रज्ञांना २०११ मध्ये जुन्या नोंदींवरून तुलना करता आली. महाविद्यालयाच्या वाटेवर असलेल्या ज्या मुलांचा क्रमांक खालचा, म्हणजे धोक्याचा, निघाला, ती युद्धाच्या अधिक विरोधात गेली, १९७२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे अधिक झुकली, आणि घरून आणलेली पक्षनिष्ठा त्यांच्यात जास्त ढिली पडली. हा फरक पुढे कित्येक वर्षे टिकला. जिवावर बेतणारे हित घराचे वळणही मोडते, हे त्यातून दिसते. वारसाकरासारखे दूरचे हित तसे करू शकले नाही, हे बेनिंग्टनमध्ये दिसते. दोन्ही प्रसंग एकत्र ठेवले तरच ‘तरुण स्वार्थी असतात’ आणि ‘तरुण ध्येयवादी असतात’ ही दोन्ही घाईची विधाने बाजूला सारता येतात.

शिक्षण माणसाला एका ठरावीक दिशेलाच नेते हा समजही याच ओघात तपासून घ्यायला हवा. ताली मेंडेलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात उलट चित्र दिसले : जिथे सधन घरांतल्या विद्यार्थ्यांचीच गर्दी आहे अशा महाविद्यालयांत शिकलेली सधन मुले, श्रीमंतांवर जास्त कर लावण्याच्या अधिक विरोधात गेली. तिथे बरोबरीच्या मुलांत पैसा कमावण्याला मान होता. बेनिंग्टनमधल्या मुलीही सधनच होत्या. फरक कशाला मान आहे, यात होता.

पुढची पन्नास वर्षे

कॉलेज सुटल्यावर काय झाले, याशिवाय हे प्रकरण अपुरे राहते. ‘शिकत होत्या तोवर ठीक, संसाराला लागल्या की घरच्या वळणावर येतील,’ असे भाकीत कोणीही केले असते. न्यूकम यांनी १९६० च्या सुमारास त्याच स्त्रियांना पुन्हा गाठले. तेव्हा त्या चाळिशीत होत्या, बहुतेकींचे संसार सुखवस्तू होते, म्हणजे आर्थिक हित पुन्हा रिपब्लिकन पक्षाकडेच बोट दाखवत होते. तरी १९६० च्या निवडणुकीत त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया डेमोक्रॅटिक उमेदवार केनेडी यांच्या बाजूने होत्या, तर त्यांच्याच थरातल्या इतर स्त्रियांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होते.

जिथे मत टिकले तिथे आणि जिथे परतले तिथे, दोन्हीकडे कारण एकाच जागी सापडले. ज्यांचे पती आणि स्नेही त्याच विचारांचे होते त्यांचे मत टिकले. ज्या सनातनी मतांच्या घरात आणि मित्रमंडळात गेल्या त्यांच्यातल्या काही हळूहळू मागे वळल्या. अर्थात पती आणि स्नेही निवडताना कॉलेजात तयार झालेल्या मनाचाही हात होताच; त्यामुळे कोणते कारण आणि कोणता परिणाम, हे इथे पूर्ण सुटे करता येत नाही, आणि ते सुटे केल्याचा आव आणू नये.

तिसरी फेरी १९८४ मध्ये झाली. ड्युएन अल्विन आणि रोनाल्ड कोहेन यांनी न्यूकम यांच्यासह तीनशेहून अधिक स्त्रियांकडून माहिती मिळवली. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या स्त्रियांपैकी ७३ टक्के रिपब्लिकन रेगन यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या डेमोक्रॅटिक उमेदवार मॉन्डेल यांच्या बाजूने होत्या. त्याच वयाच्या आणि तितक्याच शिकलेल्या इतर स्त्रियांत हा आकडा जेमतेम २६ टक्क्यांच्या आत होता. न्यूकम त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारले. या फेरीचे पुस्तक १९९१ मध्ये त्यांचेही नाव घेऊन आले.

प्रकरणाच्या मर्यादा उघड आहेत. मुली एकाच सामाजिक थरातल्या होत्या. कॉलेज लहान आणि बंदिस्त होते, आणि अभ्यासक स्वतः त्याच अध्यापकवर्गातला होता. बेनिंग्टनसारख्या नव्या, वेगळ्या प्रयोगाकडे मुलीला पाठवणारी घरे इतर रिपब्लिकन घरांपेक्षा थोडी मोकळी असतील, ही शक्यताही धरायला हवी. पालकांच्या आकड्यांनी ती बरीच कमी होते, पण नाहीशी होत नाही. शिवाय घरी राहून शिकणाऱ्या, सोळाव्या वर्षी कामाला लागलेल्या, किंवा दिवसभर एका वर्तुळात आणि संध्याकाळी दुसऱ्याच वर्तुळात वावरणाऱ्या तरुणाबद्दल या नोंदी थेट काही सांगत नाहीत. अशा तरुणाचा अभ्यास करायचा झाला तर आईवडिलांचा पक्ष, शिक्षणाची वर्षे आणि घरचे उत्पन्न या नेहमीच्या तीन रकान्यांना चौथा रकाना जोडावा लागेल : तुझ्या कुठल्या मैत्रिणीने, कुठल्या मित्राने, कुठल्या शिक्षकाने तुझे म्हणणे चुकीचे ठरवले तर तुला रात्री झोप लागणार नाही?